आधी त्याचं, मग आपलं

परवा मखमलाबाद रोडवरच्या एका लॉन्समध्ये लग्नाला गेले होते. शिरतानाच कमानीला झेंडूच्या माळा, केशरी-पिवळ्या, नुसत्या ओसंडून वाहत होत्या. मी सवयीनं एक फूल चिमटीत धरून चुरडलं आणि नाकाशी नेलं. प्लास्टिक! अगं बाई गं, फुलशेतीच्या मखमलाबादेत प्लास्टिकचा झेंडू! माझं डोकंच सणकलं. मी तिथल्या तिथं तोंड सोडणार, तेवढ्यात वच्छीआत्यानं माझा दंड धरला.

वच्छीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आता साठी उलटलीय, गुडघे कुरकुरतात, पण डोकं आणि जीभ दोन्ही शाबूत. "आधी त्यांचं ऐक," ती म्हणाली. "लग्न गोरज मुहूर्ताचं. फूल पहाटे तोडलेलं. ऊन हे असं. संध्याकाळपर्यंत माळ मान टाकते आणि मग नवरीचा बाप मंडपवाल्याच्या नावानं शिमगा करतो. म्हणून त्यानं प्लास्टिक लावलं. झालं त्यांचं. आता आपलं सांग."

"आपलं काय? याला वास नाही."

"बस. एवढंच आहे आपलं. पण तेवढं पुरे आहे," असं म्हणून ती पांढरं कापड चढवलेल्या एका खुर्चीत टेकली.

मी तिच्याशेजारी बसले, इकडंतिकडं पाहिलं आणि जागा ओळखू आली. नवरानवरीचं स्टेज जिथं उभं होतं, बरोब्बर तिथं, आमच्या मळ्यात, पूर्वी माळा करायची शेड होती. विहीर बुजवलीय, बांध गेलेत, पण विहिरीकाठचा उंबर कुणी तोडलेला नाही. त्याच्या बुंध्याला रंगीत दिव्यांची माळ गुंडाळली होती. उंबरावरून मी मनातल्या मनात अंतर मोजलं. इथं भागाबाई बसायची, इथं कमलताई, आणि तिकडं, जिथं आता आइस्क्रीमवाल्यानं टेबल मांडलं होतं, तिथं मी, हातात रद्दीचा कागद घेऊन.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमची शेती फुलांची. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत झेंडू, थंडीत शेवंती आणि ॲस्टर, निशिगंध जवळजवळ बारा महिने. सकाळी तोडणी, दुपारी शेडमध्ये माळा आणि संध्याकाळी टेम्पो भरून शहरात, सराफ बाजारातल्या फुलवाल्यांकडं. ती शेड अजून माझ्या नाकात आहे. ओल्या गोणपाटाचा वास, त्याखाली झाकलेल्या फुलांचा गारवा, आणि झेंडूचा देठ मोडला की येणारा तो कडूसर हिरवा वास. तो बोटांत इतका मुरायचा की दुपारची भाकरीसुद्धा कडवट लागायची. आई म्हणायची, "हात घासून धू." कितीही घासा, जायचा नाही. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडायची. आता तोच वास मिळावा म्हणून मी प्लास्टिकची फुलं चुरडत हिंडते, काय म्हणावं!

शेडमध्ये चौघी पक्क्या. भागाबाई वयानं सगळ्यांत मोठी, गालात तंबाखूची चिमूट. सुईत दोरा ओवायला तिला आम्ही पोरी लागायचो, पण एकदा ओवला की तिच्या वेगाला कुणाची बरोबरी नव्हती. कमलताई शहरातल्या वसाहतीतून सायकलवर यायची. तिच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं आणि "असंच असतं, असंच चालायचं" हे वाक्य तिला अजिबात खपत नसे. मंगल निफाडकडची, नुकतं लग्न होऊन आलेली. आणि चौथी माझी आत्या. ती नववीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन गेलेली आणि चार वर्षांत परत आलेली. का आली, ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

टोपल्यांच्या तळाशी घालायला आणि पुडे बांधायला रद्दी लागायची. शहरातून गठ्ठे यायचे, त्यात वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या असायच्या. शाळेतून आले की माझं काम एकच, त्यातलं काही बरं निघालं तर मोठ्यानं वाचायचं. बायकांचे हात चालू, कान माझ्याकडं. पाककृती त्यांना नको असत. "ते मीठ-मिरची आमाला नको शिकवू," भागाबाई म्हणायची, "लांबचं काय आसंल ते वाच." लांबचं म्हणजे जगाचं. रोम, मिसर, चीनची भिंत, फ्रान्सची राज्यक्रांती. आणि गंमत बघा, पुरवणीचा कागद नेमका निकालापाशी फाटलेला असायचा. प्रश्न पुरा, उत्तर गायब.

पहिला आठवतो तो पिरॅमिडचा. एवढे थोरले दगड रचले कुणी, गुलामांनी की मजुरांनी? लेखात होतं की पूर्वी सगळे म्हणायचे गुलामांनी, चाबकाखाली. पण आता तिथं कामकऱ्यांची वस्ती सापडलीय, भाकरी भाजायच्या भट्ट्या सापडल्यात, त्यामुळं... आणि कागद संपला.

"त्यामुळं काय?" मंगल म्हणाली.

"फाटलंय."

"घ्या!"

भागाबाईनं सुई थांबवली नाही. "भट्ट्या व्हत्या म्हंजी भाकर मिळत व्हती. भाकर मिळती म्हंजी मजूर."

"का बरं?" कमलताई लगेच उसळली. "बैलालाही वैरण मिळते. म्हणून बैल काय आपल्या मर्जीनं येतो?"

"बरं, ते ऱ्हाऊ दे. पर येवढ्या बाप्यांच्या भाकरी थापीत कोण व्हतं? त्या बायांचं नाव हाय का कागदात?"

मी कागद उलटून पाहिला. मागं बनियनची जाहिरात होती.

पुढं मी इतिहास शिकले, आता शिकवते. तेव्हा कळलं की त्या दगडांपेक्षा त्या भाकरीच्या मागं लागलेली मोठमोठी विद्वान माणसं जगात आहेत. मला त्यांचं कौतुक आहेच, पण नवल काही वाटलं नाही. सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या भागाबाईनं तो प्रश्न माझ्यादेखत, हातातली माळ न सोडता विचारला होता.

पण सगळं असं गोडीगुलाबीनं चालायचं असं नाही हं. एकदा अमेरिका कुणी शोधली यावरून भागाबाई आणि कमलताईचं वाजलं. कमलताईचं म्हणणं, तिथं माणसं राहत होती, चुली पेटत होत्या, मग शोधली कसली? आणि तो दर्यावर्दी तर म्हणे मरेपर्यंत तिला हिंदुस्थानच समजत होता. भागाबाईला तो बिचारा वाटला. महिनोन्‌महिने पाण्यात, माणूस भ्रमिष्ट होतो, त्याला कशाला बोल लावायचा? आवाज चढले. दोघींनी दोन दिवस एकमेकींकडं पाठ करून माळा केल्या. शेडमध्ये नुसता बांगड्यांचा आवाज.

तिसऱ्या दिवशी आत्यानं तोडगा काढला. "आता कमलताई, तू त्या दर्यावर्दीची बाजू सांग. भागाबाई, तू त्या तिथल्या माणसांची. समोरची 'हां, हेच म्हणायचं होतं मला' म्हणेल तेव्हाच पुरं झालं. मग आपापलं बोला."

काय सांगू! कमलताईनं सांगितलेला तो समुद्र, सडलेलं पाणी, खलाशांच्या शिव्या, दूरवर उडणारा पहिला पक्षी. भागाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि भागाबाई म्हणाली, "म्या माझ्या वसरीवर बसलेली. परका मानूस आला, वाकलाबी नाय, आन् म्हनला, तू मला सापडलीस." "हां, हेच म्हणायचं होतं मला," कमलताई म्हणाली. त्या दिवसापासून शेडचा कायदा झाला, आधी त्याचं, मग आपलं. स्वतःचं मत फटकन सांगायला कुणी तोंड उघडलं की बाकीच्या ओरडायच्या, "आधी त्याचं!"

शेवटी निकाल. देठ तुटलेली फुलं माळेत जात नाहीत, ती बाजूला पडायची. दोन बाजूंच्या दोन पाट्या; जिला जी बाजू पटली तिनं त्या पाटीत एक फूल टाकायचं. रोमचं राज्य बाहेरच्यांनी बुडवलं की आतून किडलं? भागाबाईनं दोन्ही पाट्यांत फूल टाकलं. मंगल म्हणाली, हे चालायचं नाही. आत्या म्हणाली, "का नाही? पटलं तर पटलं." रशियावर चालून गेलेल्या फ्रेंच बादशहाला थंडीनं हरवलं की त्याच्या हट्टानं? त्या हिवाळ्यात निफाडला थंडीनं घड जाऊ नयेत म्हणून द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवत होते. मंगलनं आधी बादशहाची बाजू मांडली, "त्याला वाटलं, जाऊ आणि दसऱ्याच्या आत माघारी येऊ." मग आपलं सांगितलं, "पण थंडी काय चोरून येते का? दरसाल येते. दरसाल येणारी गोष्ट ज्याला दिसली नाही, त्याचा हट्टच." सगळी फुलं हट्टाच्या पाटीत.

एकदाच फूल पडलं नाही. जपानवरच्या अणुबाँबचा लेख होता. युद्ध त्याशिवाय थांबलं नसतं का? आत्यानं बाँब टाकणाऱ्यांची बाजू मांडायला सुरुवात केली. लढाई लांबली असती तर आणखी किती गेले असते, त्यांच्याही घरी आया वाट बघत होत्या, असं सगळं ती नीट सांगत होती. मध्येच थांबली. म्हणाली, "एवढं सांगता येतंय मला, याचीच भीती वाटतेय." त्या दिवशी कुणीच काही टाकलं नाही. भागाबाईनं मला तो कागद पुड्याला न वापरता बाजूला ठेवायला सांगितलं.

इतकी वर्षं मी शिकवतेय, परिसंवाद ऐकलेत, टीव्हीवरच्या आरडाओरड्याच्या चर्चा बघते. त्या पत्र्याखाली जसं माणसं एकमेकांचं ऐकायची, तसं मी पुन्हा कुठं ऐकलेलं नाही. हे मी आत्याची भाची म्हणून सांगत नाहीये, खरंच सांगतेय.

माझी नववी संपत आली तेव्हा आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी आत्यासाठी घरी निरोप दिला. शहरातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात परिचराची जागा निघणार होती. पुस्तकांना कव्हरं घालायची, शिक्के मारायचे, मुलींना पुस्तकं काढून द्यायची. अट एकच, दहावी पास. पुढच्या वर्षी जूनमध्ये कागद हातात असला तर त्या शब्द टाकणार होत्या. आत्यानं १७ नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी. माझीही तीच दहावी. आत्या-भाची एकाच वर्षी परीक्षेला! भागाबाई सगळ्यांना सांगत सुटली.

एकदा आम्ही दोघी ते ग्रंथालय बघायला गेलो. द्वारका चौकात बस अर्धा तास तुंबली, ट्रक, रिक्षा, टेम्पोची नुसती खिचडी, पण आत्या खिडकीतून बघत खुशीत होती. ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली, काचेची कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, दारापाशी एक साधी लाकडी खुर्ची. "परिचर इथं बसतो," तिथल्या बाई म्हणाल्या. आत्यानं खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. कपाटातलं एक पुस्तक उघडून तिनं पहिल्यांदा शेवटचं पान पाहिलं. मला म्हणाली, "हे बघ, फाटलेलं नाही. निकालासकट आहे सगळं." परतताना सगळी वाट ती बोलत होती. मी तिला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. भावाच्या घरात कुणी तिला कधी लागेल असं बोललं नाही, माझी आई तर नाहीच नाही, पण तिला स्वतःचा डबा घेऊन स्वतःच्या कामाला जायचं होतं. ते वर्ष तिनं त्या खुर्चीसाठी काढलं. सकाळी तोडणी, दुपारी माळा, आणि त्याच्या अधेमधे पुस्तक.

आता सांगायला नको वाटतं ते सांगते.

दहावीच्या वर्गात एकदा बाईंनी मला उभं करून प्रश्न विचारला. आम्ही शेडमध्ये बोलायचो तसं मी बोलायला लागले, आधी विरुद्ध बाजू, सविस्तर. बाई हसल्या. "अगं, उत्तर देतेयस की पंचायत भरवतेयस?" सगळा वर्ग खिदळला. कुणीतरी मागून म्हणालं, "फुलवाल्यांची पंचायत!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बाईंनी फळ्यावर लिहून समजावलं. 'कारणे द्या' म्हटलं की दिलेलं विधान खरं धरायचं आणि सरळ कारणं लिहायची. वाद घालायचा नाही. वेळ मोजून मिळतो. मी ते अगदी नीट वहीत उतरवून घेतलं. आणि घरी येताना मला बाईंचा राग आला नाही, मुलींचाही नाही. आला तो आत्याचा.

पुढं महिनाभरानं आत्यानं सरावाची वही माझ्यापुढं धरली. प्रत्येक उत्तरात वर 'विरुद्ध बाजू' असा मथळा, त्याखाली पान-पान मजकूर, आणि तळाशी जेमतेम आपली बाजू. अक्षर मोत्यांसारखं. "असंच लिहायचं ना गं पेपरात?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "हो."

बस, एवढंच. मी खोटं काही रचलं नाही, नुसतं हो म्हणाले आणि वही परत दिली.

मार्चमध्ये इतिहासाचा पेपर झाला. आमची केंद्रं वेगवेगळी होती. दुपारी शेडमध्ये सगळ्या तिला घेरून बसल्या होत्या. आत्या खुशीत सांगत होती. "कारणे द्या, औद्योगिक क्रांती इंग्लंडमध्ये सुरू झाली. मी आधी लिहिलं, ती तिथंच व्हायला पाहिजे होती असं काही नाही. कापड आपल्याकडं होतं, विणणारे हात होते. आपल्या मालेगावात आजही घराघरात माग खडखडतात. चीनकडं कागद होता, बंदुकीची दारू होती. असं सगळं लिहिलं, आणि मग इंग्लंडचं घेतलं, कोळसा, लोखंड..."

"वा!" कमलताई म्हणाली.

"तेवढ्यात घंटा झाली. मागचे दोन प्रश्न राहिलेच. पण जे लिहिलं ते एकदम प्रामाणिक लिहिलं."

भागाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली. मी गोणपाटावर पाणी शिंपडत होते, शिंपडतच राहिले. फुलं भिजून चिंब झाली आणि आईनं मला रागावलं.

जूनमध्ये निकाल. मला सामाजिक शास्त्रांत, म्हणजे इतिहास-भूगोल मिळून, वर्गात सगळ्यांत जास्त मार्क. आत्या बाकी सगळ्यात पास, मराठीत तर पंच्याहत्तर, आणि सामाजिक शास्त्रांत चार मार्कांनी नापास. भूगोल तिला सोपा गेला होता, म्हणजे इतिहासानंच घात केला. तिनं माझी मार्कशीट हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "छान." पेढे तिनंच वाटले. आठवड्यानं बाईंचा निरोप आला, जागा भरली. शाळेचा तरी काय दोष, त्यांना पास झालेलं माणूस हवं होतं.

"आता कशापायी परत बसतीस? ती जागा तर गेली," भागाबाईनं विचारलं, कारण आत्यानं ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. "एकदा सुरू केलंय," आत्या म्हणाली, "अर्धं नाही सोडायचं."

आणि ती परीक्षा आली ऐन दसऱ्याच्या तोंडावर. फुलवाल्यांना विचारा दसरा म्हणजे काय ते! शेडमध्ये गुडघ्याएवढा झेंडू, पाय ठेवायला जागा नाही, आंब्याच्या डहाळ्यांचे भारे, टेम्पोवाल्याचा हॉर्न. अशात चौघींतली एक उठून अभ्यासाला बसणार म्हणजे बाकीच्यांची कंबर मोडणार. पण त्या तिघींनी आत्याच्या हातातली सुई काढून घेतली. तिच्या वाटणीच्या माळा त्यांनी आपसात ओढल्या. कमलताई तर सायकलवरून दुपारची यायची ती सकाळपासून यायला लागली. कोणी कुणाला काही ठरवून सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी माझ्या परीनं काय केलं, तर वडिलांचं घड्याळ घेऊन उंबराखाली आत्यासमोर बसले आणि फळ्यावरचं ते सगळं, सहा महिने उशिरा, तिला सांगितलं. 'कारणे द्या' म्हणजे काय, किती ओळी, किती मिनिटं. ती ऐकत होती. "म्हणजे विरुद्ध बाजू लिहायचीच नाही?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "एक ओळ लिहिते. त्याचं नीट कळलं असेल तर एका ओळीत बसायला पाहिजे." आणि बसवलं की! एका ओळीत समोरच्याचं सगळं म्हणणं, त्यातला जीव न घालवता. मी आजवर हजारो पेपर तपासलेत, असली ओळ कुणाची वाचली नाही.

ती पास झाली. मार्कशीट आली तेव्हा शेडमध्ये पेढे नव्हते, कमलताईनं डब्यातून आणलेली खीर होती. भागाबाईनं त्या कागदावरून आपला हिरवा पडलेला अंगठा फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी आत्या नेहमीसारखी माळा करायला बसली. पुढं शहर सरकत सरकत आमच्या बांधाला येऊन भिडलं. भागाबाई गेली, मंगलचं बिऱ्हाड हललं, कमलताई मुलीकडं पुण्याला. शेडचे पत्रे काढले तो दिवस मला आठवत नाही, मी तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होते. आत्या नोकरीला कुठं लागली नाही. तिला पुस्तकं मी आणून देत राहिले. अजून देते.

हे सगळं परवा त्या पांढऱ्या खुर्चीत बसून मी मनात उगाळत होते. समोर नवरीची आई धावपळ करत होती, गुरुजी माइक तपासत होते. आत्या शांतपणे माणसं न्याहाळत बसली होती. मला एकदम वाटलं, आज नाही बोलले तर मग कधी बोलणार?

"आत्या," मी म्हणाले, "तू मला वही दाखवून विचारलं होतंस, असंच लिहायचं ना. मी हो म्हणाले होते. मला माहीत होतं गं, तसं लिहायचं नसतं. बाईंनी आम्हाला शिकवलं होतं."

ती माझ्याकडं वळली नाही. समोर बघतच म्हणाली, "थांब. तुझं मी सांगते. तू पंधरा वर्षांची होतीस. वर्गात तुला हसले ते माझ्यामुळं. शेडमध्ये जो तो वच्छी काय म्हणते ते बघायचा आणि तू आपली नुसती वाचून दाखवणारी. मला येत नाही असं एकच काहीतरी तुला येत होतं, ते माझ्या हातात द्यावंसं तुला वाटलं नाही. मी नापास व्हावं असं तुझ्या मनात नव्हतं. चार मार्कांनी माणसाचं काय जातं, ते त्या वयात कळत नाही. बरोबर?"

माझी बाजू इतकी मीसुद्धा स्वतःपाशी कधी मांडली नव्हती.

"तुला हे सगळं कधी कळलं?"

"निकालाच्या दिवशीच. तुझे त्या विषयाचे मार्क बघितले की कळलं. माझ्याहून जास्त काही तुला येत नव्हतं बाई इतिहासातलं," ती जरा हसली.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुझी बाजू धड मांडता येत नव्हती ना. राग होता. मांडायला घेतली की मध्येच तोंडात माझंच यायचं." तिनं पदरानं ओठ टिपले. "लय वर्षं लागली गं."

माइकवर मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे उभे राहिले. कुणीतरी आमच्या ओंजळीत अक्षता टाकून गेलं. मी उठले नाही.

"झालं माझं," मी म्हणाले. "आता तुझं सांग."

"माझं?" ती म्हणाली. ओंजळीतले तांदूळ बोटानं चिवडत राहिली. तिला जणू सवयच राहिली नव्हती.

"मला ती नोकरी पाहिजे होती गं," ती म्हणाली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.